झॅप : फुकटचा जागल्या, पण धुरा कोणाचा ते त्याला समजत नाही

दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात बसून मी एका शेतकरी उत्पादक कंपनीचं सॉफ्टवेअर लिहितो. सभासदांचे खाते नंबर, सातबारा, सोयाबीन-तुरीच्या मोजमापाच्या पावत्या, सगळं त्यात. वेबसाइटमधल्या कच्च्या जागा हुडकणारं झॅप वर्षभर वापरून झालं, म्हणून चार शब्द.

पैसे लागत नाहीत, कोड खुला आहे, 2010 पासून चालू आहे. आधी ओवॅस्प या वेबसाइटच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेचं होतं, 2024 पासून मागे चेकमार्क्स कंपनी आहे. लावताना त्रास एकच झाला. त्याला 8080 पोर्ट (कंप्युटरचं ये-जा करायचं क्रमांकाचं दार) पाहिजे आणि तिथं माझं टॉमकॅट, म्हणजे साइट चालवणारा सर्व्हर, आधीच ठाण मांडून. पोर्ट बदलला, मिटलं.

ब्राउझर आणि सर्व्हरच्या मधात बसून ते येणंजाणं पाहते, तो पॅसिव्ह स्कॅन. अ‍ॅक्टिव्ह स्कॅनमध्ये मात्र स्वतःच वाकड्या विनंत्या मारते. मी हा दुसरा स्कॅन रात्री लावून झोपलो, तोही बॅकअप न घेता. फॉर्म दिसला की हे बेटं भरून टाकते. सकाळी सचिवकाकांचा फोन, "अबे, यादीत हे झॅप नावाचे तीनशे शेतकरी कोण्या गावचे?" चाचणीचा सर्व्हर होता म्हणून वाचलो.

पण त्याच रात्री लाल झेंडाही लागला होता. पावती शोधायच्या चौकटीत एसक्यूएल इंजेक्शन, म्हणजे तिथं लिहिलेलं डेटाबेस हुकूम समजून पाळेल अशी फट. टाइप केलेला मजकूर मी सरळ क्वेरीला, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या हुकमाला, चिकटवत होतो. पॅरामीटर वापरले, म्हणजे मजकूर हुकमापासून वेगळा पाठवला, अर्ध्या तासात दुरुस्त. पानासोबत जाणाऱ्या हेडर, कुकीच्या पिवळ्या-नारिंगी सूचना पन्नासेक होत्या. त्यातल्या बऱ्याच खऱ्या, काही उगाच.

आता उणी बाजू. पत्त्याच्या पट्टीत पावती क्रमांक 142 दिसत होता. काकांनी सहज विचारलं, "याचा 143 केला तं काय होते?" केला. शेजारच्या शेतकऱ्याचा पूर्ण हिशोब समोर! झॅप त्या पानावरून कितीदा फिरून गेलं होतं, पण पान नीट उघडते म्हणजे ठीक, असा त्याचा समज. पावती कोणाची हे त्याला कोण सांगणार? ओवॅस्पच्या 2021 च्या मोठ्या धोक्यांच्या यादीत हाच दोष, कोणाला काय दिसावं हे न तपासण्याचा, पहिल्या क्रमांकावर आहे. पावती मागणारा तिचा मालक आहे का, ही तपासणी मला एकतीस ठिकाणी घालावी लागली. अख्खा आठवडा गेला. सुरुवातीलाच एका जागी लिहिली असती तर एका दुपारचं काम. वखरणीच्या वेळचं काम मी डवऱ्यावर ढकललं होतं.

आता चुकाऱ्याचा भाग लिहायच्या आधी काका आणि मी वहीत लिहून काढलं : कोणाला काय दिसावं, काय दिसू नये, हिशोबनीस सोडून गेला तर त्याचं लॉगिन कोण बंद करणार. कोड त्यानंतर. झॅपचा बेसलाइन स्कॅन गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या ऑनलाइन जागी, प्रत्येक पुशला (नवा कोड चढवला की) चालतो. हल्ला न करता मिनिटभर पानं धुंडाळतो, बाकीचं पॅसिव्ह. आमच्याकडची लाइट गेली तरी त्याचं अडत नाही.

पाचपैकी चार तारे. आणि पोट्टेहो, हे फक्त आपल्याच साइटवर चालवा. दुसऱ्याच्या साइटवर न विचारता चालवाल तर माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 तुमच्या मागे लागू शकतो.