जुना मेटल डिटेक्टर घेताय? आधी आतला नंबर कंपनीला कळवा

मसाले, हळद, पापड, फरसाण असे पदार्थ बनवणाऱ्या छोट्या कारखानदारांसाठी हे लिहितेय. मोठ्या कंपन्या नवे मेटल डिटेक्टर बसवतात, तेव्हा त्यांचे जुने व्यापाऱ्यांकडे जातात आणि तिथून आपल्यासारख्यांकडे येतात. त्यातले काही खरंच चांगले निघतात. पण ज्या मॉडेलची दुरुस्ती ते बनवणाऱ्या कंपनीनेच बंद केली आहे, ते मशीन 'सर्व्हिस चालू आहे' असं सांगून आमच्या गळ्यात मारलं गेलं. हे कसं जमवलं, ते एकेक करून सांगते, कारण हीच चाल दुसऱ्या कुणावर खेळली जाणार नाही याची खात्री नाही.

आमचं युनिट सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत आहे. मी आणि माझी जाऊ मिळून चालवतो. हळद पावडर आणि कांदा-लसूण मसाला हे मुख्य माल. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि आता बाहेरचे खरेदीदार नाव घेऊन हळद मागतात, पण सोबत अटीही घालतात. आमच्या खरेदीदाराची अट अशी होती: प्रत्येक पाकीट मेटल डिटेक्टरखालून गेलेलं हवं, आणि लोखंड दीड, पितळ दोन, स्टेनलेस अडीच मिलिमीटरपर्यंत पकडलं गेलं पाहिजे.

अट रास्तच आहे. पल्व्हरायझरचे, म्हणजे दळणयंत्राचे, बीटर झिजतात, त्याचा चुरा चुंबकाने ओढून घेता येतो. पण चाळणी स्टेनलेसची असते. तिची तुटलेली तार चुंबकाला दाद देत नाही आणि लाल तिखटात डोळ्यालाही दिसत नाही. ती कुणाच्या तरी ताटात जाणार. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात अन्नात बाह्य पदार्थ निघाला तर एक लाखापर्यंत दंड आहे, पण दंडाआधी ते ताट डोळ्यांसमोर येतं.

नव्या मशीनचा भाव साडेचार लाखांच्या पुढे. पुण्याच्या बाजूचा एक जुन्या मशिनरीचा व्यापारी पावणेदोन लाखांत द्यायला तयार झाला. "ताई, नामांकित कंपनीचं आहे. पार्ट मिळतात, इंजिनिअर फोन केला की येतो," हे त्याने व्हॉट्सॲपवर लिहूनही दिलं. मॉडेलची पाटी स्वच्छ, उत्पादनाचं साल अलीकडचं. गोदामात त्याने पट्टा चालू केला आणि तीन पांढऱ्या कांड्या एकेक करून सोडल्या. अशा कांडीच्या टोकात ठरावीक व्यासाचा धातूचा गोळा बंद केलेला असतो. लोखंड, पितळ, स्टेनलेस, तिन्ही वेळा भोंगा वाजला आणि पाकीट बाजूला काढणारा फ्लॅप पडला.

आता या यंत्राचं काम कसं चालतं ते थोडं सांगते, म्हणजे पुढची लबाडी कळेल. पट्टा ज्या चौकटीतून जातो तिला हेड म्हणतात. हेडच्या आत तीन कॉइल असतात. मधली सिग्नल सोडते, दोन्ही बाजूंच्या तो घेतात. तराजूची दोन पारडी समतोल असावीत तसं या दोन कॉइलचं असतं, आणि मधून धातू गेला की तो तोल ढळतो. कॉइल केसभरही हलू नये म्हणून पूर्ण हेड रेझिनने भरून बंद करतात. त्याला तडा गेला, आत ओल शिरली, की धातू नसतानाही तोल ढळायला लागतो. हे हेड गावातला कुठलाही मिस्त्री उघडून नीट करू शकत नाही. ते कंपनीनेच बदलायचं असतं. म्हणून या यंत्रात कंपनीची साथ आहे की नाही यावरच सगळं अवलंबून आहे.

यंत्राच्या पकडीवर मालाचाही परिणाम होतो. कोरडी हळद फारसा त्रास देत नाही. कांदा-लसूण मसाल्यात मीठ, तेल आणि ओलसरपणा असतो, त्यामुळे तो माल स्वतःच धातूसारखा थोडा सिग्नल देतो. मशीन त्याला 'शिकून' बाजूला काढतं. हेड धड असेल तरच हे जमतं.

आमच्याकडे मशीन बसलं आणि हळद बिनबोभाट गेली. कांदा-लसूणची पाकिटं सोडली तर जवळपास प्रत्येक पाकीट बाहेर. व्यापाऱ्याने फोनवर सांगितलं, "सेन्सिटिव्हिटी जरा खाली घ्या, ताई." खाली घेतली, पाकिटं सुरळीत जाऊ लागली आणि त्याच्याच कांडीवर भोंगाही वाजत राहिला. दिसायला सगळं ठीक.

शंका आली ती जावेला. ओट्यावर कांड्या पुसून ठेवताना स्टेनलेसची कांडी चाळणीखालच्या चुंबकाच्या जाळीला टक् करून चिकटली. ३१६ ग्रेडचं स्टेनलेस, जे या कांड्यांत असायला हवं, ते चुंबकाला असं धरत नाही. कांडीवर छापलेलं होतं 'एसएस २.५', आत होता साधा पोलादी छर्रा. लोखंड पकडणं या यंत्राला सगळ्यात सोपं आणि स्टेनलेस सगळ्यात अवघड. म्हणजे गोदामात स्टेनलेसची चाचणी झालीच नव्हती. आम्ही प्रमाणपत्रासह नव्या कांड्या मागवल्या. अडीच मिलिमीटरचं स्टेनलेस पट्ट्यावरून सरळ निघून गेलं. चारचं सापडलं, तेही पाकिटाच्या कडेला ठेवलं तर. चौकटीच्या मध्यावर, जिथे पकड सगळ्यात कमी असते, तिथे तेही कधी सापडे, कधी नाही.

इचलकरंजीचे एक जाणकार लूमची इलेक्ट्रॉनिक कार्डं दुरुस्त करतात. त्यांना बोलावलं. त्यांनी कंट्रोल बॉक्स उघडला. आतल्या मुख्य कार्डावर पिवळट पडलेलं स्टिकर होतं, त्यावरचा सिरीयल नंबर बाहेरच्या पाटीशी जुळत नव्हता. मग पाटीकडे नीट पाहिलं. बाकीच्या बॉडीला स्क्रू आणि हिला चकचकीत पॉप रिव्हेट. पाटीच्या कडेने जुन्या, थोड्या मोठ्या पाटीची फिकट चौकट अजून दिसत होती. हेडच्या खालच्या ओठाला बोटभर लांबीची भेग होती, पांढरी पुट्टी भरून वर रंग मारलेला. ते म्हणाले, "वहिनी, कार्ड मी करीन. हे हेड माझ्या हातातलं नाही."

आतला नंबर कंपनीला ईमेलने कळवला. उत्तर दोन ओळींचं होतं: या मॉडेलचे सुटे भाग बंद झाले आहेत आणि हेड दुरुस्तीला घेतलं जात नाही. खाली असंही होतं की याच नंबरची चौकशी पूर्वी एका मशिनरी व्यापाऱ्याने केली होती आणि त्यालाही हेच कळवलं होतं. आम्हाला 'पार्ट मिळतात' असं त्याने लिहिलं ते त्या उत्तरानंतर. हा गैरसमज नव्हता.

बिल काढून पाहिलं. त्यावर 'जुना एसएस कन्व्हेयर, १ नग, जसा आहे तसा' एवढंच. मेटल डिटेक्टर हा शब्दच नाही. वकिलांनी याचा अर्थ सांगितला. १९३० च्या माल विक्री कायद्यात वर्णनाप्रमाणे माल देण्याची आणि सांगितलेल्या कामाला तो योग्य असण्याची जबाबदारी विक्रेत्यावर येऊ शकते, म्हणूनच वर्णन कन्व्हेयरचं लिहिलं. ग्राहक कायद्यात व्यापारी कारणासाठी केलेली खरेदी बसत नाही, पण स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू बसते. आपण कुठल्या बाजूला पडतो हे आधी वकिलाला विचारा. केंद्र सरकारचं राइट टू रिपेअर पोर्टल शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं यांच्यासाठी आहे, कारखान्याच्या मशीनला त्याचा आधार नाही. आमच्या हातात आज आहेत ते व्हॉट्सॲपचे मेसेज आणि कंपनीचा ईमेल, आणि त्यावरच नोटीस गेली आहे. त्याने बदल्यात त्याच कंपनीचं तितकंच जुनं दुसरं मशीन देऊ केलं. आम्ही नाकारलं.

जुनं मशीन घ्यायचंच असेल तर पैसे देण्याआधी कंट्रोल बॉक्स उघडायला सांगा आणि आतल्या स्टिकरचा फोटो काढा. त्याला कां-कूं करणारा व्यापारी तिथेच सोडा. तो नंबर देऊन कंपनीला स्वतः ईमेल करा, व्यापाऱ्याने दिलेल्या फोन नंबरवर विचारू नका. विचारायचं एवढंच: सुटे भाग कुठल्या सालापर्यंत देणार, आणि हेड बिघडलं तर घेणार का. 'आमचा इंजिनिअर बघून सांगेल' हे उत्तर धरू नका, लेखी हो किंवा नाही मागा.

चाचणीला आपल्या कांड्या न्या, आणि जाताना खिशात चुंबक ठेवा. आपला सगळ्यात खारट, सगळ्यात ओलसर माल न्या. रिकाम्या पट्ट्यावरची चाचणी बघून येऊ नका. कांडी पाकिटाच्या पुढे, मध्ये आणि मागे, आणि चौकटीच्या मध्यातून जाईल अशी ठेवून बघा. मशीन तासभर तरी चालू ठेवा, कारण बिघडलेलं हेड गार असताना शहाण्यासारखं वागतं आणि तापलं की भरकटतं. बिलावर मेटल डिटेक्टर, मॉडेल, आतला नंबर आणि 'स्टेनलेस अमुक मिलिमीटर पकडतो' हे लिहून घ्या. निम्मी रक्कम आपल्या जागेवर, आपल्या मालावर चाचणी झाल्यावरच द्या. हे मान्य नसेल तर ते मशीन तुमच्यासाठी नाही.

आणि असं मशीन आधीच कुणाच्या पट्ट्यावर असेल तर आजच खऱ्या कांडीने तपासा. कांडी सापडली नाही, तर शेवटच्या खात्रीच्या चाचणीनंतर पॅक झालेला सगळा माल बाजूला काढावा लागतो. आम्ही गोदामात असलेला सगळा माल थांबवला, खरेदीदाराला स्वतः कळवलं आणि शेजारच्या युनिटमध्ये पाकिटामागे पैसे मोजून पुन्हा पट्ट्यावरून काढला. कांदा-लसूणच्या एका पाकिटात चाळणीच्या तारेचा तुकडा निघाला.