हातातलं रामन यंत्र, नऊ महिन्यांनंतर: गर्द, गोळ्या आणि ‘आढळले नाही’

जप्त झालेल्या अमली पदार्थांच्या पुड्यांची जागेवरच प्राथमिक तपासणी व्हावी म्हणून ७८५ नॅनोमीटर लेझरचं हातात धरायचं रामन यंत्र एप्रिल ते डिसेंबर यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी-पांढरकवडा भागातल्या फिरत्या गाडीत वापरलं. हे यंत्र पदार्थावर लेझर टाकतं आणि परत येणाऱ्या प्रकाशाच्या आलेखातल्या शिखरांवरून पदार्थ ओळखतं. सोबत फेंटॅनिल आणि नायटाझिन या अफूसारखा परिणाम करणाऱ्या, अतितीव्र कृत्रिम औषधांच्या चाचणी-पट्ट्या. असं यंत्र घ्यायच्या विचारात असाल, किंवा वरून आलेलं यंत्र कपाटात पडून असेल, तर हे वाचा.

सगळ्यात आधी एक गोष्ट. पडद्यावर ‘आढळले नाही’ आलं म्हणून पुडी निर्धोक आहे असं कोणालाही सांगू नका. मिश्रणातला घटक वजनाने साधारण ५ टक्क्यांच्या खाली गेला की यंत्राला तो बहुधा दिसत नाही. फेंटॅनिल मॉर्फिनच्या ५० ते १०० पट तीव्र आहे. पुडीत ते १ टक्का असलं तरी माणूस दगावू शकतो, आणि यंत्र मात्र पॅरासिटामॉल, कॅफिन एवढंच दाखवून मोकळं होतं.

हाच हिशेब खेड्यापाड्यांत सापडणाऱ्या मालाला लावून बघा. ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाची ५० मिलिग्रॅमची गोळी एकूण ३०० मिलिग्रॅम वजनाची धरली तर औषध १६-१७ टक्के झालं. ते मिनिटाभरात ओळखू येतं. अल्प्राझोलाम या गुंगीच्या औषधाची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी १०० मिलिग्रॅमची असेल तर औषध जेमतेम अर्धा टक्का, त्यामुळे यंत्र गोळीतल्या भरावाचं, लॅक्टोजचं, नाव सांगणार. कोडीनच्या खोकल्याच्या औषधात ५ मिलिलिटरला १० मिलिग्रॅम, म्हणजे ०.२ टक्के. त्या बाटलीला यंत्र लावणं म्हणजे साखर मोजणं. त्यात वेळ घालवू नका.

गोळीवर यंत्र थेट टेकवलं तर आलेखावर ३९६, ५१६ आणि ६३९ ला (हे आणि पुढचे शिखरांचे आकडे ‘प्रति सेंटीमीटर’ या एककात) तीन ठसठशीत शिखरं येतात. ती वरच्या पांढऱ्या लेपातल्या टायटॅनियम डायऑक्साइडची. गोळी ब्लेडने मधोमध कापा आणि आतला भाग दाखवा. भुकटी असेल तर पुडी न उघडता बाहेरूनच हलवून मिसळा आणि पाच वेगवेगळ्या जागी मोजा. लेझरचा ठिपका मिलिमीटरभराचाही नसतो, एका जागेवरून पुडी कळत नाही. पातळ पारदर्शक पॉलिथिनमधून मोजलेलं चालतं, रंगीत पिशवीतून नाही. पॉलिस्टायरीनच्या कडक पारदर्शक डबीत मात्र नमुना कधीच ठेवू नका. तिचं मुख्य शिखर १००१ ला आणि फेंटॅनिलचं ठळक शिखरही तिथेच. निष्कारण धावपळ होते.

तपकिरी गर्द (अशुद्ध हेरॉइन) ही या यंत्राची खरी दुखरी बाजू. ७८५ च्या लेझरखाली तो इतका चमकतो की आलेखावर शिखरं न दिसता नुसती टेकडी दिसते. १०६४ नॅनोमीटरच्या यंत्रात ही चमक खूप कमी होते, पण संकेतही सव्वातीन-साडेतीन पट क्षीण होतो, म्हणून मोजायला वेळ लागतो. तुमच्याकडे मुख्यतः गर्दच येत असेल तर जास्त पैसे मोजून १०६४ चंच घ्या. अफूसारख्या काळ्या ढेकळावर पूर्ण शक्तीने लेझर सोडलात तर ढेकूळ धुमसतं. शक्ती कमी करून मोजा. लेझर डोळ्याला घातक आहे, संरक्षक चष्मा गाडीत टांगून ठेवण्यासाठी नाही.

आता पट्ट्या. यंत्राने काहीही सांगितलं तरी पट्टी लावायचीच. १० मिलिग्रॅम भुकटी ५ मिलिलिटर पाण्यात नीट विरघळवा. पट्टी मिलिलिटरमागे २०० नॅनोग्रॅमला लागत असेल तर या द्रावणात ०.०१ टक्का फेंटॅनिलही सापडतं, म्हणजे यंत्राच्या ५०० पट खाली. द्रावण घट्ट केलं तर मेथअँफेटामिन किंवा एमडीएमएमुळे खोटा होकार येतो. नायटाझिनच्या पट्टीला जास्त कॅफिन फसवतं. शिवाय काही नायटाझिनं त्या पट्टीला लागतच नाहीत.

सर्वात जास्त चुका पट्टी वाचताना होतात. गावोगावी मलेरियाच्या किटवर सगळ्यांचा हात बसलेला. तिथे दोन रेषा म्हणजे मलेरिया. इथे नेमकं उलट आहे. एक रेषा म्हणजे फेंटॅनिल आहे, दोन रेषा म्हणजे लागलं नाही, दुसरी रेषा फिकट असली तरी. औषध असलं की ते पट्टीतल्या प्रतिपिंडाला (रेषा उमटवणाऱ्या प्रथिनाला) आधीच अडवतं, म्हणून दुसरी रेषा उमटत नाही. हे वाक्य कागदावर लिहून पट्ट्यांच्या डब्यावर चिकटवा.

मे महिन्यात वणीकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि या यंत्राची मर्यादा ४० अंशांची. बंद गाडीत ठेवलं की आलेखात नुसती खरखर दिसते. लसीचा डबा बर्फाशिवाय वापरा. बर्फ ठेवला तर बाहेर काढताच भिंगावर दव धरतं. उन्हात मोजायचं झालं तर यंत्राच्या तोंडावर काळा दुपट्टा दोन पदरी टाका, नाहीतर सूर्यप्रकाशच आत शिरतो. रोज सकाळी साधी पॅरासिटामॉलची गोळी मोजा, शिखरं इथे यायला हवीत: ८५८, १२३७, १६४८. शिखर दोन-तीन आकड्यांपेक्षा जास्त सरकलं असेल तर त्या दिवशीचे निकाल धरू नका.

दोन बाबी थोडक्यात. यंत्रात साठवलेल्या ओळखीच्या पदार्थांच्या आलेखांच्या संग्रहात जे नाही ते त्याला ओळखता येत नाही, म्हणून संग्रहाचं नूतनीकरण करारातच लिहून घ्या. आणि एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे नमुना जवळ बाळगणं हाच गुन्हा ठरू शकतो; व्यसनमुक्ती केंद्रांनी स्वतः पुड्या गोळा करू नयेत.

नोंदीत ‘फेंटॅनिल नाही’ असं न लिहिता ‘रामनने आढळले नाही, पट्टी दोन रेषा’ असं लिहा. पक्का निकाल न्यायवैद्यक प्रयोगशाळेचाच. पट्टीवर एकच रेषा आली तर अहवालाची वाट न बघता ग्रामीण रुग्णालयाला फोन करा. नॅलोक्झोनचे (फेंटॅनिलसारख्या औषधांवरच्या उताऱ्याचे) ०.४ मिलिग्रॅमचे अँप्यूल किती शिल्लक आहेत ते त्याच फोनवर विचारा. एकाने भागेल असं धरू नका. त्याचा असर ३० ते ९० मिनिटांत ओसरतो आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो.