स्वस्तातला हॉट टेंट: कापड टिकलं, जोड उसवले

पंधरा हजारांच्या आत मिळणारा, आत चूल पेटवता येणारा तंबू खरंच टिकतो का, हा प्रश्न कोल्हापुरातले ट्रेकर मित्र मला सारखे विचारतात. मी तो महिनोन्‌महिने वापरलाय. पन्हाळ्याच्या पायथ्याला ओळखीच्यांच्या शेतात, आणि भर हिवाळ्यात हिमाचलमधल्या स्पितीत मुक्काम ठोकून. सरळ सांगायचं तर कापड टिकलं, जोड टिकले नाहीत. शिवण, चेन, पाईप, खुंट्या, जे जे दोन वस्तूंच्या मध्ये येतं ते आधी गेलं. आणि यातलं बहुतेक सगळं कोल्हापुरात चांगलं दुरुस्त होतं, म्हणून हा तंबू मी अजून विकलेला नाही.

तंबू एका खांबाचा, पिरॅमिडच्या आकाराचा. कापड पॉलिएस्टरचं, आतून पाणी अडवणारा पीयूचा (पॉलियुरेथेनचा) लेप. छताला एका बाजूला धुराचा पाईप बाहेर काढायला फायबरग्लासच्या कापडाचा चौकोन शिवलेला असतो, आणि खाली बर्फ किंवा माती दाबायला झालर. नायलॉन ओलं झालं की सैल पडतं, पॉलिएस्टर तितकं पडत नाही. उन्हातही ते जास्त टिकतं. उंचीवर हे फार महत्त्वाचं, कारण दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात आणि स्पितीतलं काझा ३,६०० मीटरच्या वर आहे. माझ्या तंबूचा रंग उडालाय, पण कापड ओढून बघितलं तर अजून घट्ट आहे. बर्फही उतरत्या बाजूंवरून आपोआप घसरून जातो.

खरी दुखरी जागा म्हणजे पाईपाभोवतीचा तो चौकोन. फायबरग्लासला काही होत नाही. तो ज्या दोऱ्यानं तंबूला जोडलेला असतो तो दोरा पॉलिएस्टरचा, आणि शिलाई एकेरी. वारा सुटला की पाईप हलतो, त्याचा सगळा ताण त्या टाक्यांवर येतो, वर उष्णता आहेच. स्पितीतल्या मुक्कामात टाके एकेक करून सुटायला लागले आणि शेवटी वरच्या कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट पडली.

परत आल्यावर तंबू घेऊन कोल्हापुरात चपलांच्या बाजारात, चप्पल लाईनीला गेलो. तिथल्या एका वयस्कर कारागिरानं शिवण उलटी करून नखानं टाका ओढला आणि तो सरळ हातात आला.

"मामा, मशीनवर परत मारून चालंल का?" मी विचारलं.

"न्हाई चालायचं दादा. ह्यो दोरा वितळतोय. सुती घालूया, दुहेरी. आन् टाका जरा लांब मारूया, पाईपापास्नं."

सुती दोरा जास्त तापला तर करपतो, पण वितळून सुटत नाही, हे त्यांना चपलांच्या कामातून पाठ होतं. त्यांनी चौकोनाच्या चारही बाजूंना कातड्याची पट्टी लावून हातानं शिवून दिलं. त्यानंतरच्या हिवाळ्यात एक टाका हललेला नाही. सोबत मी पाईपाला बाहेरून तीन बाजूंनी तारेचे ताण दिले, म्हणजे पाईपाचा भार कापडावर येतच नाही. हा ताण कंपनीनं द्यायला हवा होता. तो पाकिटात नसतो.

पाईपाची गोष्ट वेगळी. गुंडाळी करून ठेवायचा पातळ पत्र्याचा, साठ मिलिमीटर व्यासाचा पाईप तंबूबरोबर आला. कागदावर लिहिलंय स्टेनलेस स्टील ३०४. काही आठवड्यांच्या जाळानं तो वाकडा झाला, कडा जुळेनात, सांध्यातून धूर आत यायला लागला. शिवाजी उद्यमनगरात एका फॅब्रिकेटरकडे नेला. त्यानं आधी लोहचुंबक लावला आणि तो टपकन चिकटला. "हे ३०४ न्हवं मालक," एवढंच बोलला. खरं ३०४ चुंबकाला जवळजवळ धरत नाही. त्यानं एकात एक बसणारे ताठ तुकडे वळवून दिले. वजन वाढलं, पण धूर थांबला. त्याच्याकडूनच जाड सळईच्या खुंट्या करून घेतल्या, कारण सोबत आलेल्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या पन्हाळ्याच्या जांभ्या दगडात वाकल्या आणि गोठलेल्या जमिनीत तर शिरल्याच नाहीत.

ठिणग्यांचं मात्र नीट समजून घ्या. गुऱ्हाळाच्या चुलवणात चिपाड टाकल्यावर धुराड्यातून ठिणग्या कशा उडतात ते आपल्याकडच्या प्रत्येकानं पाहिलंय. लहान चुलीतही तेच होतं, फक्त वर आपलं छत असतं. पॉलिएस्टर अडीचशे अंशांच्या पुढे वितळतं आणि ठिणगी त्याहून कितीतरी गरम असते. शेतात वखारीतली वाळलेली बाभूळ जाळली तेव्हा जवळजवळ त्रास नाही. किन्नौरमधून जाताना देवदार आणि चीड जाळलं, त्यातल्या राळेमुळं लाकूड तडतडतं, आणि छताला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडली. पाईपाच्या तोंडाला जाळी हवीच, आणि पाईप तंबूच्या टोकाच्या वर जाईल एवढा लांब हवा. ओलं लाकूड जाळलं तर जाळीवर काजळी बसून ती बुजते, म्हणून ती रोज झटकायची. भोकांना त्याच कापडाचं ठिगळ लावून पीयूचा सीलर भरा. पीयूच्या लेपावर सिलिकॉन नीट धरत नाही, वाळल्यावर सोलून निघतं.

चेनचा रनर हिवाळ्यात हमखास गोठतो, कारण रात्रभरच्या श्वासाची वाफ चेनवरच बर्फ होऊन बसते. जोर लावला की दात सुटतात. मी दोन्ही रनर शिंप्याकडून जाड बसवून घेतले.

तोच बर्फ वरच्या झरोक्याच्या जाळीवरही साचतो. झालर बर्फानं दाबलेली, झरोका बुजलेला, आत निखारे धुमसताहेत, अशा वेळी कार्बन मोनॉक्साइड आत कोंडतो. त्याला ना रंग ना वास. अलार्म घेतल्याशिवाय हा तंबू वापरू नका, आणि चूल विझवूनच झोपा. असल्या लहान चुलीत लाकूड टाकल्यावर तासा-दोन तासांत जाळ संपतो आणि आतलं तापमान भराभर बाहेरच्याइतकं होतं. स्पितीत ते उणे वीसच्या खाली जातं. स्लीपिंग बॅग त्या हिशोबानंच घ्यायची.

आता ज्यावर कुणी बोलत नाही तो आपला पावसाळा. हे तंबू थंडीत मरत नाहीत, जून ते सप्टेंबर पोटमाळ्यावर मरतात. दमट हवा आणि उष्णता एकत्र आली की पीयूच्या लेपाचं विघटन होतं. कापड आतून चिकट होतं, उग्र आंबूस वास येतो आणि लेप सोलून यायला लागतो. आमच्या ग्रुपमधल्या एकाचा याच किमतीचा तंबू असाच गेला, बर्फ फारसा न बघता. यावर कारागीर नाही, ठिगळ नाही. मी तंबू पिशवीत दाबून ठेवतच नाही. पूर्ण वाळवून, सैल घडी घालून, कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतो आणि उघडीप मिळाली की पंख्याखाली पसरतो.

म्हणूनच कॅनव्हास घ्या असा सल्ला मी कोल्हापूरकराला डोळे झाकून देणार नाही. कॅनव्हास चांगलाच असतो, ठिणगी पडली तर करपतो पण वितळत नाही, आत घामही कमी धरतो. पण वजन वीस किलोच्या घरात, किंमत तिप्पट, आणि नीट वाळला नाही तर आपल्या हवेत चार दिवसांत बुरशी. गाडी थेट जागेवर जात असेल आणि घरी वाळवायला गच्ची असेल तरच.

असाच तंबू मागवला असेल तर परत पाठवायची मुदत संपायच्या आत तीन गोष्टी बघा: पाईपाच्या चौकोनाची शिवण उलटी करून टाके दुहेरी आहेत का, ताण बांधायच्या नवारीच्या पट्ट्यांमागे जाड कापड आहे का, आणि पाईपाला लोहचुंबक लावून तो कितपत चिकटतो.