अर्धवट राहिलेली पदवी: कॉलेजात बसून की मुक्त विद्यापीठातून?

मी दोन्ही करून पाहिलंय. आधी एका स्वायत्त कॉलेजात बीएचं एक सेमिस्टर, मग ते सोडून इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ. वय विचारू नका. वर्गातली पोरं मला काका म्हणायची आणि मॅडम सर म्हणायच्या, त्यावरून काय तो अंदाज बांधा. नोकरी मार्केट यार्डात, भुसार बाजारातल्या एका गाळ्यावर हिशेब लिहायची. शिकायचं होतं इतिहास आणि अर्थशास्त्र, दोन्ही एकत्र.

लवळ्याचं फ्लेम किंवा सिंबायोसिसचं लिबरल आर्ट्स हा पर्याय मी लांबूनच पाहिला. विषयांची सरमिसळ हा तिथला पायाच आहे, पण पोटापाण्याचं सांभाळून करायचा तो उद्योग नव्हे. फीचा आकडा सांगितल्यावर बायको नुसतं "बरं" म्हणाली. विषय संपला.

राहिलं साधं कॉलेज. नव्या शैक्षणिक धोरणानंतर कागदावर तिथं खूप मोकळीक आली आहे. मेजर म्हणजे मुख्य विषय एक, मायनर म्हणजे जोडविषय दुसरा, ओपन इलेक्टिव्ह म्हणजे आवडीचा विषय तर परक्या शाखेतलंच घ्यायचं. एका वर्षानंतर थांबलात तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी, चौथं केलंत तर ऑनर्स. अभ्यास पुरा केला की मिळणारी क्रेडिट, म्हणजे अभ्यास मोजायची एककं, जमा होतात एबीसीत. (पुण्यात एबीसी म्हटलं की अप्पा बळवंत चौकच. मीही आधी तेच समजलो होतो. ही अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स.) तिथली शिल्लक जास्तीत जास्त ७ वर्षं चालते. मात्र तुमच्या-माझ्या काळातल्या पिवळ्या पडलेल्या मार्कलिस्टा तिथं आपोआप जमा होत नाहीत, तेवढा भ्रम ठेवू नका.

आमचं कॉलेज सकाळचं. शेठना सांगून ठेवलं होतं की एक वाजता गाळ्यावर हजर. पहिले दोन आठवडे बरे गेले. मग रात्री साडेदहाला वर्गाच्या ग्रुपवर मेसेज यायला लागले: उद्या इको ८.२० ऐवजी १२.१०. उद्या इतिहास नाही, त्याचे दोन तास शनिवारी. एकोणीस वर्षांच्या पोरांना याचं काहीच वाटत नाही, मधल्या वेळात कट्टा असतोच. मी मात्र दर वेळी शेठना फोन करायचा, "उद्या दोनला येतो." तिसऱ्या वेळी ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर माझी किर्द, म्हणजे रोजच्या हिशेबाची वही, दुसऱ्या पोरापुढे ठेवलेली. इकडे हजेरी ७५ टक्के हवीच.

दोष कुणा एकाचा नाही, हेही सांगतो. शिकवणारे निम्मे सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशेबानं पैसे. ते बिचारे एका सकाळी दोन-तीन कॉलेजं गाठतात. एकाची बस चुकली की तिघांचं वेळापत्रक हलतं. समजतं सगळं. पण समजून किर्द परत येत नाही.

इग्नूत मोकळीक वेगळ्या जातीची आहे. एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास, आणि ते तास पहाटेचे की रात्रीचे, कुणी विचारत नाही. असाइनमेंटला ३० टक्के, सत्रांत परीक्षेला ७०. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. एखादा पेपर या खेपेला झेपला नाही तर पुढच्या खेपेला द्यायचा. तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत ताणता येते. यूजीसीची मान्यता असलेली दूरस्थ पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरतात. प्रवेशाआधी ती मान्यता तेवढी तपासा. पुस्तकं मुख्यतः हिंदी-इंग्रजीत आहेत. मराठीतूनच लिहायचं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ बघा. माझं काम रोज हिंदीतून चालतं, म्हणून मला अडलं नाही.

कॉलेजचं एक मात्र इथं मिळत नाही. मॅडमनी एकदा पुणे जिल्ह्यातल्या सुप्याचा १८७५चा दंगा शिकवला. तिकडे अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, इकडे कापसाचा भाव कोसळला, कर्ज फिटेना, आणि शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले. मी हात वर करून सांगितलं की आमच्याकडे उचल अजून कशी लिहितात. मग तास तसाच पुढे पाऊण तास चालला. इतिहास आणि अर्थशास्त्र मला एकत्र का हवं होतं, ते मलाच त्या दिवशी नीट कळलं. एकट्यानं वाचताना असं होत नाही. त्यावर उतारा म्हणून मी नवी पेठेतली एक अभ्यासिका लावली. तिथं सगळी एमपीएससीची मुलं. पहिल्याच दिवशी एकानं हळूच विचारलं, "काका, कितवा अटेम्प्ट?"

तुमची नोकरी लवचिक असेल, किंवा सकाळ खरोखरच मोकळी असेल, तर कॉलेज वाईट नाही. मी तुम्हाला अडवणार नाही. फक्त प्रवेश घेताना विषयांच्या यादीवर भाळू नका. दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या पोराला चहा पाजा आणि त्याच्या फोनवरचा वर्गाचा ग्रुप महिनाभर मागे सरकवून बघा.

माझ्या डिसेंबरच्या पेपरांची रजा मंजूर झाली आहे. शेठनी गाळ्यावरच्या कालनिर्णयाच्या शेवटच्या पानावर स्वतःच्या हातानं लाल खुणा केल्यात.