घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबचं 'ब्रेन अँड स्ट्रेस' पॅकेज: 5 पैकी 2 स्टार

लॅबचं नाव घेत नाही, पण सध्या अशी पॅकेजं बरेच जण विकतायत म्हणून सविस्तर लिहितेय. माझ्या दादाने (आयटीवाला, झोप कमी चिडचिड जास्त) स्वतःसाठी आणि बाबांसाठी मिळून हे बुक केलं, माणशी साधारण 5000. साखर, थायरॉइड, डी, बी-12, कॉर्टिसॉल हे नेहमीचं सगळं आहेच, पण जाहिरात सगळी एनपीवायवर, म्हणजे न्यूरोपेप्टाइड वाय, मेंदूत आणि मज्जातंतूंमध्ये निरोप पोचवणारा छोट्या प्रथिनासारखा (पेप्टाइड) रेणू. 'तुमचा मेंदू ताण किती सोसतो ते एका थेंबात कळेल' वगैरे. मी बायोकेमिस्ट्रीवाली, पीएचडीची बरीच वर्षं उंदरांच्या मेंदूतलं हेच एनपीवाय मोजण्यात गेली, त्यामुळे मला जरा जास्तच उत्सुकता होती.

आधी चांगलं ते सांगते. रक्त घ्यायला आलेला पोरगा एक नंबर. वेळेवर आला, बाबांची नस पटकन सापडत नाही तरी एकाच टोचण्यात काम, गप्पा मारत मारत झालंसुद्धा. अ‍ॅप पण नीट चालतं, दुसऱ्या दिवशी सकाळी रिपोर्ट हातात.

आता एनपीवायचं. हा रेणू भारीच आहे, त्यात वाद नाही. 36 अमिनो आम्लांची साखळी, 1982 मध्ये स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये काझुहिको तातेमोतो आणि व्हिक्टर मुट यांच्या टीमने डुकराच्या मेंदूतून वेगळी केली. मेंदूत सगळ्यात मुबलक असणाऱ्या पेप्टाइडांपैकी एक. मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागात भूक वाढवतं, म्हणजे पोट भरलेल्या उंदराच्या मेंदूत हे सोडलं तर तो परत खायला लागतो. अमिग्डाला या भागात भीती-घबराट कमी करतं, हिप्पोकॅम्पस या भागात मेंदूच्या पेशींना चेतवणाऱ्या ग्लुटामेटला लगाम घालून फिट आवरायला मदत करतं, एनपीवायचा जीन काढून टाकलेल्या उंदरांना फिट्स येतात हे 1996 पासून माहितीये. आणि 'ताण सोसण्याचा रेणू' हे नाव पडलं त्यात अमेरिकन सैनिकांच्या अभ्यासाचा मोठा वाटा, सर्व्हायव्हल ट्रेनिंगमध्ये खोट्या चौकशीचा ताण दिल्यावर स्पेशल फोर्सेसवाल्यांच्या रक्तात एनपीवाय बाकीच्यांपेक्षा जास्त वाढलेलं दिसलं. म्हणजे लॅबवाल्यांनी अगदीच हवेतून काढलेलं नाहीये.

पण तिथे गटांची तुलना होती, ताणाच्या आधी-नंतर ठरवून रक्त घेतलेलं. एका माणसाचं एका सकाळचं रक्त घेऊन त्याचा मेंदू कसा आहे हे त्यातून निघत नाही. कारण रक्तातलं एनपीवाय मुख्यतः मेंदूबाहेरच्या सिम्पथेटिक मज्जातंतूंच्या (ताणात शरीराला सज्ज करणाऱ्या) टोकांतून येतं, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या ताणाच्या रसायनाच्या जोडीने, जोरात व्यायाम केला तरी वाढतं. बिल्डिंगच्या गटाराचं पाणी बघून तिसऱ्या मजल्यावर काय शिजतंय ते सांगण्यातला प्रकार आहे हा. मेंदूच्या जवळचं काही हवं असेल तर संशोधनात पाठीच्या मणक्यातलं पाणी काढून त्यात मोजतात, पीटीएसडीच्या (मोठ्या आघातानंतर मागे राहणारा मानसिक आजार) पेशंटमध्ये ते कमी आढळलंय. ते काय कोणी सोफ्यावर बसून काढून देणारे का?

दादा जिममधून घाम पुसत आला आणि लगेच हात पुढे केला. पोराने विचारलं काय तर 'उपाशी आहात ना?' बास. व्यायाम, औषधं, काही नाही. नमुना घेतला तो पण साध्या लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये, बाकीच्या ट्यूबबरोबर एकाच स्टँडला, बॅगेतला बर्फाचा जेल पॅक हात लावला तर मऊ पडलेला, आणि त्याला अजून तीन घरं करायची होती. आमच्याकडे एनपीवायसाठी रक्त घ्यायचं म्हटलं की जांभळ्या झाकणाची ईडीटीए ट्यूब, त्यात पेप्टाइड तुटू नये म्हणून अ‍ॅप्रोटिनिन, ट्यूब थेट बर्फात, थंड सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवून प्लाझ्मा लगेच डीप फ्रीजरला. इथे दुपारपर्यंत स्कूटरवर फिरलं असणार.

आणि सगळ्यात मोठी गोम म्हणजे डीपीपी-4. हे एन्झाइम रक्तातच असतं आणि एनपीवायच्या पुढच्या टोकाची 2 अमिनो आम्लं कापतं. उरलेला तुकडा वाय-1 रिसेप्टरला (रिसेप्टर म्हणजे पेशीवरची जागा जिथे बसून रेणू काम करतो) धड बसत नाही, वाय-2 आणि वाय-5 ला बसतो, म्हणजे कामच बदललं. टेस्टमध्ये एनपीवाय पकडून मोजणारी अँटिबॉडी अख्खं आणि कापलेलं यात फरक करते का हे रिपोर्टवर कुठेच नाही. आता डायबेटिसच्या सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन या गोळ्या नेमकं हेच एन्झाइम अडवतात, आणि बाबा रोज त्यातली एक घेतात! फॉर्ममध्ये गोळ्यांचा रकानाच नाही. बाबांचा आकडा हिरव्या पट्ट्यात, दादाचा लाल, कशामुळे ते देव जाणे. पट्टा कुठल्या वयाच्या, किती लोकांवरून ठरवला तेही लिहिलेलं नाही.

खरी गंमत पान 4 वर. एनपीवाय कमी असेल तर 'ताण सोसण्याची क्षमता कमी, सल्ला घ्या'. जास्त असेल तर 'भूक अनियंत्रित, वजन वाढण्याचा धोका, सल्ला घ्या'. म्हणजे आकडा इकडे गेला काय नि तिकडे गेला काय, 1500 चं कन्सल्टेशन पक्कं. वर 'एनपीवाय संतुलन' डाएट विकायला ठेवलंय. अहो, मर्कसारख्या कंपनीने वाय-5 रिसेप्टर अडवणारं औषध 1661 जाड लोकांना 52 आठवडे देऊन पाहिलं, वजनात दखल घेण्यासारखा फरक पडला नाही म्हणून प्रकरण गुंडाळलं गेलं, आणि हे अळशी-मखान्याने संतुलन करणार.

दादा मात्र तो लाल पट्टा बघून दोन दिवस 'मेंदूच वीक आहे माझा' करत फिरला, वहिनी वैतागली, ते वेगळंच. कस्टमर केअरला फोन करून नमुना कुठल्या तापमानाला ठेवला होता एवढंच विचारलं, तर 'मॅम, रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांना दाखवा'. पैसे परत नाहीत.

2 स्टार दिलेत ते रक्त घेणाऱ्या पोराचे आणि बी-12 चे (दादाचं खरंच कमी निघालं, त्यावर डॉक्टरांनी औषध सुरू केलंय). यांच्याच बेसिक पॅकेजमध्ये साखर, थायरॉइड, डी, बी-12 सगळं येतं, एनपीवाय नाही आणि किंमत निम्म्याहून कमी. घ्यायचंच तर ते घ्या, आणि बुक करताना गोळ्यांची यादी स्वतःहून सांगा, ते विचारणार नाहीत.