अमेरिकन काँग्रेसच्या कमिटीचं पत्र आलंय: नेहमीची लिटिगेशन फर्म की काँग्रेस चौकशीचे स्पेशालिस्ट?

काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद, तिच्या हाऊस किंवा सिनेट या सभागृहाच्या कमिटीचं कागदपत्रं मागणारं पत्र आलं की कंपन्या पहिला फोन नेहमीच्या लिटिगेशन फर्मला, म्हणजे कोर्टात केसेस लढणाऱ्या वकिलांना करतात, आणि ते साहजिकच आहे, कंपनीच्या जुन्या केसेस, कुठल्या ईमेलमध्ये काय दडलंय, हे त्यांनाच माहीत असतं. पण कोर्टाची सवय इथे आड येते. इथे जज नसतो, आणि सबपीना (कागद किंवा साक्ष देण्याची सक्ती करणारा हुकूम) थांबवायला कोर्टात जावं तर सुप्रीम कोर्टाच्या १९७५च्या ईस्टलंड निकालानंतर तो रस्ता जवळपास बंदच आहे. वकील-अशील गोपनीयतेचंही तेच, कोर्टात तो तुमचा हक्क, पण काँग्रेसच्या कमिट्या म्हणतात की ती मानायची की नाही हे आम्ही ठरवणार, म्हणजे तिथे हक्क सांगून भागत नाही, बोलणी करावी लागतात.

स्पेशालिस्ट इथेच भारी पडतात. त्यातले बरेच आधी कमिटी स्टाफमध्ये होते, त्यामुळे वीस मागण्यांपैकी खरंच हव्यात त्या तीन-चारच कुठल्या हे ते फोनवर काढून घेतात आणि बाकीचं टप्प्याटप्प्याने द्यायचं ठरवून टाकतात. सीईओला बोलावलं असेल तर माझ्या मते दुसरा विचारच करू नका. हाऊसच्या हिअरिंगमध्ये साधारणपणे एकेका मेंबरला पाच मिनिटं मिळतात आणि त्याचा प्रश्न बऱ्याचदा कॅमेऱ्यासाठीच असतो, कोर्टातल्या उलटतपासणीची तयारी तिथे कामाची नाही. १९९४ मध्ये सात तंबाखू कंपन्यांचे प्रमुख निकोटीनचं व्यसन लागत नाही असं शपथेवर बोलले, ती क्लिप आजही फिरते. वेल्स फार्गो बँकेचे सीईओ जॉन स्टम्फ सप्टेंबर २०१६ मध्ये सिनेट कमिटीपुढे बसले आणि ऑक्टोबरमध्ये पायउतार झाले.

पण स्पेशालिस्टवर सगळं सोडून देणंही धोक्याचंच, कारण त्यांचं लक्ष कमिटीचं प्रकरण मिटवण्याकडे असतं आणि तिकडे दिलेला कागद तिथेच राहत नाही. काँग्रेसमध्ये कोर्टासारखा गोपनीयतेचा आदेश मिळत नाही, मेंबरने तुमचा ईमेल हिअरिंगमध्ये वाचून दाखवला तर संविधानाच्या स्पीच ऑर डिबेट कलमामुळे त्याच्यावर दावा लावता येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तोच ईमेल कोर्टात तुमच्याविरुद्ध लढणाऱ्या वकिलाच्या टेबलावर असतो. शिवाय गोपनीय कागद आपणहून दिला तर पुढे कोर्टात त्यावरचा गोपनीयतेचा हक्कच गेला असं ठरू शकतं, म्हणून काही कंपन्या स्वतःच कमिटीला सांगतात, आम्हाला सबपीना पाठवा, म्हणजे सक्तीने दिलं असं म्हणता येतं.

लॉबिस्ट (मेंबरांकडे कंपनीची बाजू मांडणारा) किंवा पीआर फर्म हवी तर घ्या, कुठल्या मेंबरचा मूड काय हे कळायला बरी पडते, पण कागदपत्रांपासून लांब ठेवा, त्यांच्याशी झालेलं बोलणं गोपनीय राहीलच असं नाही.

माझं मत असं: आधीच कोर्टात केस किंवा न्याय खात्याची चौकशी चालू असेल तर लिटिगेशन फर्मच पुढे ठेवा, कमिटीशी बोलणं मात्र फक्त स्पेशालिस्टने करायचं आणि एकही पान दोघांनी वाचल्याशिवाय बाहेर जाता कामा नये. तसं काही नसेल तर थेट स्पेशालिस्ट.

आणि कोणालाही घ्या, त्याआधी आजच ईमेल आपोआप डिलीट होणं बंद करा. सबपीना मुद्दाम धुडकावला तर कमाल शिक्षा एक वर्षाची आहे, पण जाणूनबुजून खोटं सांगितलं, अगदी शपथ नसतानाही, तर पाच वर्षांपर्यंत जाते, आणि चौकशीत अडथळा आणायला मुद्दाम कागद नष्ट केले तर वीस वर्षांपर्यंतही जाऊ शकते.