६.७ इंची फोन, नऊ महिन्यांनंतर: सगळी वाढ उंचीतच

मार्चात फोन पडला नसता तर हे लिहिलं नसतं. केळीत ठिबकची नळी चोंदली म्हणून वाकलो आणि शर्टाच्या खिशातून फोन निसटला, थेट व्हॉल्व्हच्या सिमेंटवर. काच या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत गेली. दिवाळीत ९,४९९ ला घेतलेला. कंपनीचं नाव सांगत नाही, या भावात सगळ्यांचं एकच असतं: ६.७ इंच, ७२० बाय १६०० ठिपक्यांची स्क्रीन, पाच हजार एमएएचची बॅटरी.

जळगावच्या सर्व्हिस सेंटरात पोरगा म्हणाला, "काका, फिजिकल डॅमेज, वॉरंटीत बसत नाही. ३,६०० होतील." मी म्हटलं, खिशात मावत नाही असा फोन बनवला तुम्ही, डॅमेज माझं कसं? अर्धा तास वाद घातला. त्याने पाणी पाजलं, पैसे काही कमी केले नाहीत. शेवटी फैजपुरात साध्या दुकानातून १,४५० चा कॉम्बो, म्हणजे काचेसकट स्क्रीन, टाकून घेतला. तो उन्हात फिका दिसतो. एप्रिलमध्ये केळी कापणीच्या वेळी वजनाची चिठ्ठी वाचायला टोपी काढून स्क्रीनवर धरावी लागली.

त्या चिडीत घरी पोरीची कंपासपेटी घेतली आणि मोजत बसलो. माझा जुना फोन ५.५ इंची, सात वर्षं वापरलेला. त्याच्या स्क्रीनची रुंदी साडेअडुसष्ट मिलिमीटर. नव्या ६.७ इंचीची? सत्तरला थोडी कमी! सव्वा इंच जास्त म्हणून मिरवत आणला आणि रुंदीत मिळालं मिलिमीटर-सव्वा मिलिमीटर. उंची मात्र १२२ वरून १५५. इंच मोजतात ते तिरके, कोपरा ते कोपरा. लांबी-रुंदीचं प्रमाण जुन्याचं १६:९ होतं, याचं २०:९, म्हणजे वाढला तो नुसता शेवग्याच्या शेंगेसारखा.

मॅचचंही तेच. प्रक्षेपण अजून १६:९ चंच, त्यामुळे फोन आडवा धरला की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. मधलं चित्र मोजलं तर ५.६ इंच भरलं. जुन्या फोनवर ५.५ होतं.

आता खरं दुखणं. आमचं काम मॅचवर चालत नाही, कागदावर चालतं. पंधरा रुपये भरून काढलेला डिजिटल सातबारा, फळपीक विम्याची पावती, जुन्या फेरफारचे स्कॅन, बऱ्हाणपूरच्या केळीभावाचे फोटो. ए-फोर कागद उभ्या फोनवर रुंदीला बसतो. जुन्या फोनमध्ये त्या रुंदीत १०८० ठिपके होते, नव्यात ७२०. नवा फोन, एक तृतीयांश ठिपके गायब! इंग्रजी अक्षर कसंही निभावतं. आपल्याला अनुस्वार आहे, रफार आहे, 'द्ध' आणि 'द्व' आहे. हाताने लिहिलेल्या फेरफारात १ आणि ९ मधला फरक एका आकड्याच्या पोटात असतो. एकदा गट नंबर चुकीचा वाचून तलाठी कार्यालयात दुसरी चक्कर पडली. तेव्हा वाटलं, दोन-तीन हजार जास्त घालून फुल एचडी प्लस, म्हणजे रुंदीत १०८० ठिपक्यांचा, घ्यायला हवा होता.

पण नानांना काहीच फरक पडत नाही. ते भाव वाचायला फोन हातभर लांब धरतात, चष्मा खिशात ठेवून. म्हणतात, "झकास दिसतंय की." आधी हसलो, मग हिशेब केला. ७२० चा ६.७ इंची म्हणजे इंचाला साधारण २६२ ठिपके. चांगल्या नजरेलासुद्धा ते तेरा इंचांच्या पलीकडे वेगळे दिसत नाहीत. नाना दोन फुटांवर धरतात, त्यांच्यासाठी ४-के आणला तरी पैसे पाण्यात. मी जवळच्या नजरेचा, नाकापासून वीतभर अंतरावर धरणारा, म्हणून मलाच खुपतं. अॅपलने २०१० मध्ये ३२६ ठिपक्यांचा फोन काढून दहा-बारा इंचांवरून ठिपका दिसत नाही असं सांगितलं होतं. फेरफार वाचणाऱ्याला तेवढं पुरलं असतं.

आणि हे मला आठव्या महिन्यात सुचलं, लाज वाटते सांगायला: पीडीएफ आडवी करून वाचायची. त्या १५५ मिलिमीटर लांबीचा तेव्हा पहिल्यांदा उपयोग झाला. कागदाच्या रुंदीला १६०० ठिपके मिळतात आणि अक्षर दुपटीहून मोठं. एका वेळी पाच-सात ओळीच दिसतात, पण ९ हा ९ दिसतो. तेव्हापासून ७२० वरचा राग निम्मा गेला. बॅटरीही दोन दिवस जाते, आमच्याकडच्या भारनियमनात हे लहान नाही.

लांबीवरचा राग मात्र आहे तसाच. दुकानदाराला विचारलं, पाच-साडेपाच इंची काही आहे का? तो म्हणे, "भो, आता येतच नाही." अॅपलनेही ५.४ इंची मिनी २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षं काढून पाहिला आणि बंद केला. लोकांनीच घेतला नाही, भांडायचं कोणाशी?

गेल्या आठवड्यात शिंप्याकडे चार शर्ट टाकले. खिसा सव्वापाच इंचांचा पावणेसात करून घेतला, शर्टामागे ४० रुपये. आता फोन पूर्ण आत राहतो. पेन मात्र तळाला जातो आणि सापडत नाही.